विश्लेषण : जिवाणूंचा प्रथिन कारखाना बंद पाडणारे औषध आणि विस्मरणात गेलेले सुब्बाराव

पावसाळ्यात मुंबईत पाणी तुंबले की दोन-तीन दिवसांत एका औषधाचे नाव ऐकू येऊ लागते : डॉक्सिसायक्लिन. साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांनी, विशेषतः पायाला जखम असलेल्यांनी, लेप्टो टाळण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने ही गोळी घ्यावी, असे आवाहन आरोग्य यंत्रणा करते. ही गोळी टेट्रासायक्लिन या औषध-कुटुंबातील आहे. या कुटुंबातील पहिले औषध ज्या अमेरिकी प्रयोगशाळेत सापडले, तिच्या संशोधन विभागाचे प्रमुख एक भारतीय होते. ते म्हणजे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. मॅट्रिकला दोनदा नापास झालेल्या या शास्त्रज्ञाने माणसाच्या ऊर्जेचे रसायनशास्त्र उलगडण्यात वाटा उचलला आणि कर्करोगापासून हत्तीरोगापर्यंतच्या औषधांचा पाया घातला. तरीही त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिसते. सुब्बाराव कोण होते, त्यांच्या प्रयोगशाळेतील औषध जिवाणूंना नेमके कुठे अडवते आणि ते आज निष्प्रभ होण्याचा धोका का आहे, याचा हा आढावा.

सुब्बाराव कोण होते?

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे झाला. हा भाग तेव्हा मद्रास इलाख्यात होता. वडील महसूल खात्यात होते, पण प्रकृतीमुळे त्यांना लवकर नोकरी सोडावी लागली आणि घरची स्थिती बेताची झाली. शाळकरी वयात सुब्बाराव पैसे कमावण्यासाठी काशीची वाट धरून घरातून पळाले होते. आईने त्यांना परत आणले आणि अभ्यासाला बसवले. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले.

पुढे मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये प्रवेश मिळाला. स्वातंत्र्य चळवळीच्या प्रभावामुळे ते खादी वापरू लागले. शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. लेखी परीक्षेत चांगली कामगिरी करूनही त्यांना एमबीबीएसऐवजी एलएमएस ही दुय्यम पदवी मिळाली. त्या पदवीवर सरकारी वैद्यकीय सेवेचे दरवाजे बंद होते. त्यामुळे त्यांनी मद्रासमधील आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवायला सुरुवात केली.

याच काळात घरावर मोठा आघात झाला. अवघ्या काही दिवसांच्या अंतराने त्यांचे दोन भाऊ दगावले. त्यातील एकाला संग्रहणी झाली होती. या आजारात आतड्यांना अन्नातील पोषक घटक शोषता येत नाहीत आणि रक्तक्षय होतो. डॉक्टर असूनही भावासाठी काही करता आले नाही. या आजारावर तेव्हा खात्रीचा उपाय नव्हता. उष्ण कटिबंधातील रोगांचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेला जाण्याच्या निर्णयामागे हे दुःख होते, असे मानले जाते. सासऱ्यांच्या मदतीने पैशांची जुळवाजुळव करून १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ते बोस्टनला पोहोचले. पत्नी शेषगिरी भारतातच राहिल्या. पुढे झालेला मुलगा तान्हेपणीच गेला. सुब्बाराव मात्र मायदेशी पुन्हा कधीच आले नाहीत.

हार्वर्डमध्ये काय घडले?

हार्वर्डमध्ये उष्णकटिबंधीय वैद्यकाचा अभ्यासक्रम पूर्ण करताना पोटासाठी त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे केली. नंतर ते सायरस फिस्के यांच्या जीवरसायनशास्त्र प्रयोगशाळेत दाखल झाले. १९२५ मध्ये दोघांनी रक्त आणि लघवीतील फॉस्फरसचे प्रमाण मोजण्याची सोपी पद्धत प्रसिद्ध केली. ही पद्धत जगभरातील प्रयोगशाळांत रुळली आणि जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी आजही ती ‘फिस्के-सुब्बाराव’ या नावानेच शिकतात.

या पद्धतीच्या आधारे त्यांनी स्नायूंमध्ये फॉस्फोक्रिएटिन हे संयुग शोधले. १९२९ मध्ये त्यांनी अॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट म्हणजे एटीपी वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. जर्मनीत कार्ल लोमन यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हा शोध लावला. एटीपी हे पेशीचे चलनी नाणे आहे. स्नायू आकसणे असो की नवे रेणू बांधणे, पेशीतील बहुतेक कामांचा खर्च याच नाण्यात भागवला जातो. जिवाणूदेखील याला अपवाद नाहीत, आणि हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

१९३० मध्ये सुब्बाराव यांना पीएच.डी. मिळाली, पण हार्वर्डने त्यांना कायमस्वरूपी प्राध्यापकपद दिले नाही. त्यांचे त्या काळातील सहकारी आणि पुढे नोबेल मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज यांनी नंतर नोंदवले, की सुब्बाराव यांनी वेगळे केलेले काही रेणू इतरांना वर्षांनंतर पुन्हा शोधावे लागले, कारण फिस्के यांनी ते काम बाहेर येऊ दिले नाही. सुब्बाराव यांनी स्वतः याची जाहीर तक्रार केल्याचे दिसत नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली लॅबोरेटरीज या औषध कंपनीत गेले आणि लवकरच तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले.

ऑरिओमायसिन कसे सापडले?

लेडर्लीमध्ये सुब्बाराव यांनी मोठ्या गटांना हाताशी धरून एकाच वेळी अनेक आघाड्यांवर काम सुरू केले. त्यातील एक आघाडी होती मातीतील सूक्ष्मजीवांची. पेनिसिलिनचा महायुद्धात उपयोग होत होता, पण अनेक जिवाणूंवर त्याचा परिणाम होत नव्हता. १९४३ मध्ये रटगर्स विद्यापीठात अल्बर्ट शाट्झ आणि सेलमन वॅक्समन यांना मातीतल्याच जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले होते. मातीत आणखी काय दडले आहे, याचा शोध सर्वत्र सुरू झाला होता.

सुब्बाराव यांच्या विभागात हे काम बेंजामिन डग्गर पाहत होते. विद्यापीठातून निवृत्त झालेले हे वनस्पतिशास्त्रज्ञ सत्तरी ओलांडल्यावर लेडर्लीत आले होते. अमेरिकेच्या वेगवेगळ्या भागांतून मातीचे नमुने मागवले जात. मिसुरी विद्यापीठाच्या सॅनबर्न फील्ड या जुन्या प्रयोगशेतातील मातीतून १९४५ मध्ये एक सोनेरी छटेचा सूक्ष्मजीव मिळाला. त्याला स्ट्रेप्टोमायसिस ऑरिओफेशियन्स असे नाव दिले गेले. त्यातून निघालेले पिवळे औषध म्हणजे ऑरिओमायसिन. लॅटिनमधील सोन्यावरून हे नाव आले. त्याचे रासायनिक नाव क्लोरटेट्रासायक्लिन.

हे औषध तोंडावाटे घेता येत होते आणि पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या अनेक जिवाणूंवर चालत होते. जुलै १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याची माहिती शास्त्रज्ञांसमोर मांडली गेली. त्यानंतर काही आठवड्यांतच, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव यांचे झोपेतच हृदयविकाराने निधन झाले. ते ५३ वर्षांचे होते. औषध गुणकारी आहे हे त्यांना कळले होते. ते पेशीच्या आत काय करते, हे मात्र तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. डीएनएची रचना उलगडायला अजून पाच वर्षे होती, आणि प्रथिने बनवणाऱ्या यंत्राला ‘रायबोसोम’ हे नावदेखील मिळाले नव्हते.

जिवाणू प्रथिने कशी बनवतात?

प्रत्येक जिवंत पेशीचे काम प्रथिनांवर चालते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी २० प्रकारचे असतात आणि त्यांचा क्रम बदलला की प्रथिनाचे काम बदलते. हा क्रम डीएनएमध्ये लिहिलेला असतो. त्याची कामापुरती नक्कल उतरवली जाते, तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. ही नक्कल वाचून मणी एकेक करून ओवण्याचे काम रायबोसोम करतो.

रायबोसोमचे दोन भाग असतात. लहान भाग संदेश वाचतो आणि मोठा भाग मणी एकमेकांना जोडतो. जिवाणूंमध्ये लहान भागाला ३० एस, मोठ्या भागाला ५० एस आणि पूर्ण रायबोसोमला ७० एस म्हणतात. ही बेरीज चुकल्यासारखी वाटते, पण ‘एस’ हे वजनाचे माप नाही. वेगाने फिरवल्यावर कण किती लवकर तळाशी जातो, याचे ते माप आहे. त्यामुळे दोन भाग जोडल्यावर आकडे सरळ मिळवता येत नाहीत.

मणी रायबोसोमपर्यंत आणून देणारा रेणू म्हणजे वाहक आरएनए. त्याच्या एका टोकाला अमिनो आम्ल असते आणि दुसऱ्या टोकाला संदेशातील तीन अक्षरांशी जुळणारी खूण असते. अमिनो आम्ल या वाहकाला चिकटवण्यासाठी लागणारी ऊर्जा एटीपीतून येते, म्हणजे सुब्बाराव यांनी १९२९ मध्ये वेगळ्या केलेल्या त्याच रेणूतून. भरलेला वाहक रायबोसोममधील ‘ए’ या जागेवर येतो. खूण जुळली की त्याचा मणी माळेला जोडला जातो, रायबोसोम एक पाऊल पुढे सरकतो आणि पुढच्या वाहकासाठी ‘ए’ जागा मोकळी होते. वेगाने वाढणाऱ्या जिवाणूत एक रायबोसोम सेकंदाला साधारण १५ ते २० मणी ओवतो, आणि असे हजारो रायबोसोम एकाच वेळी काम करत असतात.

औषध नेमके कुठे अडवते?

टेट्रासायक्लिन कुटुंबातील औषधे ३० एस या लहान भागावर, ‘ए’ जागेलगत जाऊन बसतात. त्यामुळे मणी घेऊन आलेल्या वाहकाला तिथे नीट बसता येत नाही. संदेश असतो, मणी असतात, ऊर्जाही असते, पण माळ पुढे सरकत नाही. जिवाणू लगेच मरत नाही, मात्र त्याची वाढ आणि विभाजन थांबते. वाढ थांबलेल्या जिवाणूंचा फडशा शरीराची प्रतिकारशक्ती पाडते. म्हणून या औषधांना जिवाणूंची वाढ रोखणारी औषधे म्हटले जाते.

इतर प्रतिजैविके याच यंत्राला वेगवेगळ्या ठिकाणी धरतात. क्षयरोगावर वापरले गेलेले स्ट्रेप्टोमायसिन लहान भागावरच बसते, पण ते वाचन बिघडवते. चुकीचे मणी ओवले जातात आणि सदोष प्रथिने जिवाणूला घातक ठरतात. क्लोरॅम्फेनिकॉल मोठ्या भागात मणी जोडण्याची क्रियाच बंद करते. एरिथ्रोमायसिन आणि अझिथ्रोमायसिन तयार माळ ज्या बोगद्यातून बाहेर पडते, त्यात अडथळा आणतात. लिनेझोलिड ओवणीची सुरुवातच होऊ देत नाही. पेनिसिलिनची गोष्ट वेगळी आहे. ते प्रथिनांना हात लावत नाही, तर जिवाणूची बाहेरची भिंत बांधू देत नाही. म्हणूनच ज्या जिवाणूंना तशी भिंतच नसते, त्यांच्यावर पेनिसिलिन निरुपयोगी ठरते आणि टेट्रासायक्लिन कामी येते.

माणसाच्या पेशी कशा वाचतात?

माणसाच्या पेशीतही रायबोसोम असतात, पण ते ८० एस प्रकारचे असतात आणि त्यांची रचना जिवाणूंपेक्षा वेगळी असते. टेट्रासायक्लिन त्यांना तितके घट्ट धरत नाही. शिवाय जिवाणू हे औषध आत ओढून साठवतात, आपल्या पेशी तसे करत नाहीत. या दुहेरी फरकावर औषधाची सुरक्षितता उभी आहे.

हा फरक संपूर्ण मात्र नाही. आपल्या पेशीतील ऊर्जा केंद्रांमध्ये, म्हणजे मायटोकाँड्रियात, जिवाणूंच्या रायबोसोमशी साम्य असलेले स्वतंत्र रायबोसोम असतात. काही प्रतिजैविकांचे दुष्परिणाम तिथून उद्भवतात. टेट्रासायक्लिनला कॅल्शियमचेही आकर्षण आहे. त्यामुळे दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत ते नीट शोषले जात नाही, आणि वाढत्या दातांत बसले तर दात कायमचे पिवळट होतात. याच कारणाने गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुलांना टेट्रासायक्लिन देणे सहसा टाळले जाते. विषाणूंना स्वतःचे रायबोसोम नसतात. त्यामुळे साध्या सर्दीत किंवा फ्लूमध्ये यातील कोणतेही औषध घेऊन उपयोग होत नाही.

ही गुंतागुंत केव्हा कळली?

हे औषध प्रथिने बनण्याची प्रक्रिया थांबवते, हे सुब्बाराव यांच्या मृत्यूनंतरच्या दोन दशकांत स्पष्ट होत गेले. ते नेमके कुठे बसते, हे प्रत्यक्ष दिसायला आणखी बराच काळ गेला. २००० मध्ये केंब्रिजमध्ये वेंकटरमण रामकृष्णन यांच्या गटाने ३० एस भागाची अणुपातळीवरील रचना उलगडली आणि त्यावर बसलेले टेट्रासायक्लिनही दाखवले. तमिळनाडूतील चिदंबरम येथे जन्मलेल्या रामकृष्णन यांना २००९ मध्ये थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एका भारतीयाच्या देखरेखीखाली सापडलेले औषध कसे काम करते, हे अर्ध्या शतकानंतर दुसऱ्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने दाखवले.

सुब्बाराव यांचे आणखी योगदान कोणते?

लेडर्लीमधील त्यांच्या गटाने १९४५ मध्ये फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले. गरोदरपणात दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत आज हेच जीवनसत्त्व असते. भावाचा बळी घेणाऱ्या संग्रहणीतील रक्तक्षयावरही ते उपयोगी ठरले. पुढे फॉलिक आम्लासारखी दिसणारी, पण पेशीची फसवणूक करणारी संयुगे याच प्रयोगशाळेत बनली. त्यातील अमिनोप्टेरिन बोस्टनमधील सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिले. १९४८ मध्ये त्यांनी जाहीर केले, की यातील काही मुलांचा आजार तात्पुरता का होईना मागे हटला. कर्करोगावरील औषधोपचाराची ही महत्त्वाची सुरुवात होती. याच मालिकेतील मेथोट्रेक्सेट कर्करोग आणि संधिवातासाठी आजही वापरले जाते.

हत्तीरोगावरील डायइथाइलकार्बामॅझिन, म्हणजे डीईसी, हेही याच गटाचे काम. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा अशा विदर्भातील जिल्ह्यांत सामुदायिक औषधोपचार मोहिमेत आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन ज्या गोळ्या खाऊ घालतात, त्यात डीईसीचा समावेश असतो.

मग ते विस्मरणात का गेले?

याची कारणे अनेक आहेत. हार्वर्डमधील काम ज्येष्ठ सहकाऱ्याच्या सावलीत राहिले. लेडर्लीमध्ये शोधांचे श्रेय त्यांनी सहकाऱ्यांना दिले. ऑरिओमायसिन डग्गर यांच्या नावाने ओळखले गेले आणि प्रत्यक्ष शोध पाहता ते योग्यच होते, पण ते काम उभे करणारा माणूस पडद्यामागे राहिला. त्यांनी स्वतःच्या नावावर पेटंट घेण्याचा सोस धरला नाही. अमेरिकेत अनेक वर्षे भारतीयांना नागरिकत्वाचा अधिकारच नव्हता. १९४६ मध्ये कायदा बदलल्यावरही ते अमेरिकेचे नागरिक झाले नाहीत. त्यामुळे अमेरिकेसाठी ते परके राहिले आणि भारतासाठी दूर गेलेले. ऐन बहरात आलेल्या मृत्यूने उरलीसुरली संधीही गेली. १९५०च्या दशकात एका बुरशीच्या प्रजातीला ‘सुब्बारोमायसिस’ असे नाव देण्यात आले. भारतात १९९५ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले.

आज धोका कोणता?

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यात गाठीचा आणि सुरतमध्ये फुप्फुसाचा प्लेग आला, तेव्हा टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांवर मोठी भिस्त होती. स्क्रब टायफस आणि लेप्टोमध्ये डॉक्सिसायक्लिन आजही हाताशी असते. ही ताकद टिकेलच असे मात्र नाही. जिवाणूंनी या औषधापासून बचावाचे मार्ग शोधले आहेत. काही जिवाणू पंपासारख्या प्रथिनाने औषध पेशीबाहेर फेकतात. काही जिवाणू असे प्रथिन बनवतात, जे रायबोसोमवर बसलेले औषध उचकटून काढते. या युक्त्यांची जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातात. जपानमध्ये १९५०च्या दशकातच रक्ती आव घडवणारे शिगेला जिवाणू टेट्रासायक्लिनसह अनेक औषधांना दाद देईनासे झाले होते.

यात लेडर्लीचाही एक धागा आहे. ऑरिओमायसिन बनवल्यावर उरणारा चोथा खाद्यात मिसळला, की कोंबड्यांची पिल्ले झपाट्याने वाढतात, असे तिथल्याच शास्त्रज्ञांना सुब्बाराव यांच्या पश्चात दिसून आले. त्यातून जगभर पशुखाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची प्रथा पडली. सतत मिळणारी थोडीथोडी मात्रा जिवाणूंना मारत नाही, उलट तिला तोंड देऊ शकणाऱ्यांची निवड करते. डॉक्टरांना न विचारता घेतलेली गोळी, मध्येच सोडलेला औषधांचा कोर्स आणि सर्दीसाठी मागून घेतलेले प्रतिजैविक यांचा परिणामही तोच होतो.

सुब्बाराव यांच्या भावासाठी औषधच नव्हते. पुढच्या पिढीसमोरचा प्रश्न वेगळा असू शकतो : औषध हाताशी असेल, पण ते लागू पडणार नाही.